तळीवरचा ढेकर

गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सारा तळेकोंड गाव रिवाजाप्रमाणे वेशीबाहेर राहुट्यांत असताना, वेशीच्या आतल्या देवळाच्या तळीकडून एक मोठा ढेकर ऐकू आला. थोड्या वेळाने दुसरा आला. मग तिसरा.

तळेकोंड हे गाव आचऱ्याच्या वरच्या अंगाला आहे, आणि गावाचे मुख्य दुःखही तेच आहे. दर तीन-चार वर्षांनी देवाला कौल लावायचा, देवाने होकार दिला की माणसे, गुरे, कुत्री, मांजरे, कोंबड्या अशा सगळ्या जिवांनिशी तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहायचे, आणि तेवढे दिवस गाव देवाच्या व त्याचा राखणदार जो देवचार त्याच्या स्वाधीन करायचा, अशी ही गावपळण. ती आचऱ्यात होते तशीच तळेकोंडातही होते. फरक इतकाच की आचऱ्याची गावपळण वर्तमानपत्रांत येते, तिच्यासाठी कॅमेरे घेऊन माणसे येतात, आणि तळेकोंडची कोणाच्या खिजगणतीत नसते. आचऱ्यात निघायची वेळ झाली की तोफ उडते. तळेकोंडकडे तोफ नाही. या उणिवेवर तोडगा म्हणून देवस्थान समितीने यंदा नवा लाउडस्पीकर आणून त्याचा कर्णा तळीच्या काठावरच्या माडाला बांधला होता.

प्राध्यापक गुरुप्रसाद केळुसकर यांनी तालुक्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आणि निवृत्त होऊन ते गावी परतले. गाव त्यांना सर म्हणत असे. सरांचा देवावर विश्वास नव्हता, देवचारावर नव्हता, कौलावर तर मुळीच नव्हता. तरीही प्रत्येक गावपळणीला ते वेशीबाहेर जात, कारण समाजशास्त्रीय घटनेचे निरीक्षण आतून करावे लागते अशी त्यांची धारणा होती. त्यांची पत्नी किशोरी हिची धारणा अशी की ती न्यायची म्हणून ते जात. गावातल्या प्रत्येक चमत्काराचे नैसर्गिक कारण सरांनी वेळोवेळी सांगितले होते. लोक ते शांतपणे ऐकून घेत, चहा देत, आणि पूर्वी जे मानत तेच पुढे मानत.

अशा माणसाच्या हातून जे घडले त्याचा आरंभ एका व्याख्यानाच्या निमंत्रणात होता. आचऱ्याच्या पालक संघाने त्यांना मोबाइलच्या व्यसनावर बोलायला बोलावले. ज्या वस्तूचे मापन केले नाही तिच्यावर मत देऊ नये हा सरांचा जुना दंडक. म्हणून त्यांनी मुलांत त्या वेळी गाजणारा एक खेळ आपल्या फोनवर घेतला. खेळ असा की हातात फोन धरून खऱ्या रस्त्याने हिंडायचे, पडद्यावर दिसणारे अजब प्राणी पकडायचे, पाळायचे आणि वाढवायचे. आग ओकणारे प्राणी सरांनी जीवरसायनशास्त्राच्या आधारे पहिल्याच दिवशी बाद केले. विजेचा धक्का देणाऱ्यांना थोडी मुभा दिली, कारण निसर्गात तसे मासे आहेत. मग देवळाच्या तळीपाशी त्यांना एक बुलुपी सापडला.

बुलुपी हा पाण्यात राहणारा, निळसर, नारळाच्या शहाळ्याएवढा जीव. गाल फुगीर, गालांच्या मागे गुलाबी कल्ल्यांचे तुरे, शेपटी पंख्यासारखी, पाय नाहीत. पकडला गेल्यावर त्याने सरांकडे बघून सावकाश पापण्या मिटल्या आणि उघडल्या. सर अस्वस्थ झाले. मासा म्हणावा तर माशाला पापण्या नसतात. बेडकाचे पिल्लू म्हणावे तर अंगावर खवले होते. हा प्राणी कोणत्याच वर्गात बसत नव्हता, आणि तरीही तो काहीच घडले नसल्यासारखा पोहत होता. खेळाने नाव विचारले तेव्हा सरांनी 'नमुना' असे लिहिले.

"एक नमुनो घरात आसा, तो पुरे नाय झालो?" किशोरी म्हणाली.

"हे अध्ययन आहे."

"आसांदे. पण त्येचो आवाज बंद ठेवा. माका झोप लागता तेवां कोणाचा काय ऐकाचा नाय."

सरांनी आवाज त्याच क्षणी शून्यावर आणला आणि पुढे कधीही वाढवला नाही. पालक संघाचे व्याख्यान झाले, टाळ्या पडल्या, व्यसनापासून मुलांना दूर ठेवण्याचे उपाय सांगून सर घरी आले, आणि चप्पल न काढता तसेच तळीवर गेले, कारण नमुन्याची खाण्याची वेळ टळत होती.

खेळाचा नियमच तसा होता. पाण्यातल्या प्राण्याला त्याच्या पाणवठ्यावरच खायला घालायचे, रोज, स्वतः तिथे जाऊन. एक पुरा दिवस उपास पडला की प्राणी निघून जातो आणि पुन्हा येत नाही. सरांच्या परसात चांगली चिरेबंदी विहीर होती, पण खेळाच्या नकाशाला ती मान्य नव्हती. त्याला देवळाची तळीच दिसत होती. त्यामुळे रोज संध्याकाळी, देव न मानणारे हे गृहस्थ तळीच्या काठी, मान खाली घालून, दोन्ही हात छातीशी धरून, ओठ मिटून उभे राहिलेले गावाला दिसू लागले.

गावाने निष्कर्ष काढला. गावाचा मानकरी परशुराम गावकार, जो देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालतो, त्याने एका संध्याकाळी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, उशिरान झाला, पण बरा झाला," तो हळव्या आवाजात म्हणाला. "देव कोणावर राग धरणा नाय."

या ठिकाणी खरे सांगण्याची संधी होती. सरांनी मनात दोन वाक्ये तोलून पाहिली. एक होते, 'मी प्रार्थना करत नाही.' दुसरे, जे त्याच्यामागून अपरिहार्यपणे सांगावे लागले असते, 'मी पापण्या असलेल्या माशाला कोळंबी भरवतो आहे.' सरांनी मान डोलावली. शास्त्रज्ञाने आपल्याविषयीचा चुकीचा समज सोयीचा म्हणून तसाच राहू द्यावा, हे त्यांना त्या रात्री जेवणावर जड गेले. पण पानातले त्यांनी टाकले नाही.

नमुना वाढत होता. खाल्ल्यावर तो पृष्ठभागावर येई, तोंड वासे आणि एक बुडबुडा सोडी. काही मासे पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतात हे सरांना ठाऊक होते. त्यांनी ती क्रिया श्वसन म्हणून नोंदली. मग खेळाने कळवले की बुलुपीला लवकरच पाय फुटतील. सरांच्या लेखी हा निकालाचा क्षण होता. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात, सॅलमँडरच्या पिल्लाला आधी पुढचे. कोणते पाय आधी येतात एवढे पाहिले की सहा महिन्यांचा वर्गीकरणाचा प्रश्न सुटणार होता. हा प्रश्न जगात दुसऱ्या कोणी विचारलेला नाही याचा अर्थ तो क्षुल्लक आहे असा होत नाही, असे ते किशोरीला म्हणाले. किशोरी तेव्हा कोकमाची सोलं उन्हात घालत होती. तिने मान वर केली नाही.

आणि त्याच आठवड्यात देवाने गावपळणीचा कौल दिला.

सरांनी प्रथम रीतसर मार्ग धरला. खेळ चालवणाऱ्या परदेशी कंपनीच्या मदत कक्षाला त्यांनी अर्ज लिहिला: स्थानिक रूढीमुळे अर्जदारास तीन दिवस पाणवठ्यावर जाता येणार नाही, सबब प्राण्याच्या आहारात तेवढी सवलत मिळावी. उत्तर लगेच आले. त्यात अर्जदाराने फोन बंद करून पुन्हा चालू करून पाहिला आहे काय, अशी विचारणा होती. सरांनी दुसरा, सविस्तर अर्ज केला. त्यावर रूढीचा अधिकृत पुरावा जोडावा असे आले.

पुराव्यासाठी सर ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक कार्यालयीन मराठीत म्हणाले, "सर, गावपळण शासनाच्या दप्तरी नाही. दप्तराप्रमाणे गाव कधीच रिकामा होत नाही. तसं दाखवलं तर त्या दिवसांचा पाणीपुरवठा कोणाला केला, हा प्रश्न येईल."

"मग काय देता येईल?"

"रहिवासी दाखला देतो. त्या तीनही दिवसांत आपण गावातच राहत होता, असं लिहून मिळेल."

गावपळणीआधी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. काय न्यायचे आणि काय ठेवायचे यावर दर वेळी वाद होतो, आणि दर वेळी परशुराम तोच निर्णय देतो: "ज्येका जीव आसा, ता सगळा भायर." एकाने काचेच्या पेटीतल्या माशांचे विचारले. न्यायचे. विहिरीतल्या कासवाचे? ते विहिरीचे, घराचे नव्हे, राहू दे. तळीतले मासे देवाचे, त्यांना कोण बाहेर काढणार. सर कोपऱ्यात बसून ऐकत होते. तळीतल्या आणखी एका रहिवाशाविषयी विचारावे असे त्यांच्या मनात आले आणि त्यांनी घशाशी आलेला प्रश्न खोकून टाकला.

सावित्रीकाकी शेवटी उभी राहिली. ही सरांची शेजारीण. एकटी राहायची आणि कोंबड्या पाळायची. "आणि रवणाक बसलेली कोंबी?" तिने विचारले. अंड्यांवर बसलेली कोंबडी उठवली की अंडी फुकट जातात, हे तिला परशुरामाला सांगायची गरज नव्हती.

"टोपलीत घाल नि घेवन ये गो," परशुराम म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

सावित्रीकाकी खाली बसली.

ठरल्या सकाळी गाव तळीपाशी जमला. परशुरामाने नव्या लाउडस्पीकरवरून गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां तीन दिवस भायर रवतत, त्यांच्या घरादाराची, गुरावासरांची राखण कर म्हाराजा," आणि सर्वांनी "होय म्हाराजा" म्हटले. तो आवाज माडावरच्या कर्ण्यातून थेट आचऱ्यापर्यंत गेला असावा अशी सर्वांना आशा होती. गाऱ्हाणे संपले की मागे वळायचे नाही असा तळेकोंडचा सक्त रिवाज आहे. परशुराम हातातला माइक खाली ठेवून तसाच चालू लागला, त्याच्यामागून मानकरी, त्यांच्यामागून गुरे आणि गाव. सर सर्वांत शेवटी होते. नमुन्याला त्यांनी पहाटेच उठून भरवले होते.

वेशीपलीकडे, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठावर, माडाच्या झापांच्या राहुट्या उठल्या. गावपळणीत माणसे खूश असतात. वर्षानुवर्षे न बोललेले शेजारी एका चुलीवर चहा करतात, बायका गाणी म्हणतात, कुत्र्यांचेही बरे जमते. सर खूश नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तसे त्यांच्या फोनवर नमुन्याचे चित्र करडे पडू लागले. पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या.

"तुमका बरा नाय काय?" किशोरीने विचारले.

"पोट," सर म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या उचलून झाडीकडे निघाले. हातात तांब्या घेतलेल्या माणसाला कोकणात कोणी थांबवत नाही आणि कुठे चाललात असे विचारत नाही.

झाडीतून ते वेशीच्या दगडाला वळसा घालून आत शिरले. तो दगड त्यांनी शेकडो वेळा ओलांडला असेल. आज ओलांडताना इकडेतिकडे पाहिले. रिकाम्या गावातली शांतता ही केवळ ध्वनीची अनुपस्थिती आहे, असे त्यांनी स्वतःला सांगितले. पंप नाहीत, दुचाक्या नाहीत, कोंबडे नाहीत, म्हणून शांत आहे. सगळी दारे लावलेली, अंगणे झाडलेली. त्यांच्या स्वतःच्या घराचे दारही त्यांना अनोळखी वाटले.

संध्याकाळी ते तळीच्या पलीकडच्या काठावर उभे राहत. आज ऊन कडक होते, म्हणून ते सभामंडपाच्या पायरीवर सावलीत उभे राहिले. तिथूनही पाणवठा फोनला लागत होता. त्यांनी पडद्यावर पहिली कोळंबी टाकली. नमुन्याने ती गिळली, वर आला, तोंड वासले.

तळीवर ढेकर झाला.

तो साधा ढेकर नव्हता. एखाद्या मोठ्या देहाने पोटभर जेवून, कोणाची पर्वा न करता द्यावा तसा तो होता. माडांवरून घुमून तो परत आला. फोन हातात मुका होता. सरांनी आवाजाची खूण पाहिली: शून्य. त्यांनी तळी पाहिली: पाणी स्थिर. योगायोग, ते मनात म्हणाले. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. म्हणून त्यांनी दुसरी कोळंबी टाकली, आणि दुसरा ढेकर झाला. यानंतर तिसरी टाकणे ही शास्त्रीय सचोटी होती की दचकून बोट पडद्यावर पडले, याचा निवाडा सर स्वतःशीही करू शकले नाहीत. तिसऱ्या ढेकराच्या वेळी ते सभामंडपाच्या पायरीवर नव्हते. तांब्या होता.

ते धावत होते. तोंडातून काहीतरी निघत होते आणि ते लहानपणी आजीने शिकवलेले स्तोत्र होते, हे त्यांना वेशीपाशी धाप टाकताना कळले. तिथे त्यांनी फोन पाहिला. नमुना तजेलदार निळा, चार पायांवर उभा होता. कोणते पाय आधी फुटले ते दाखवणारे दृश्य ते धावत असताना होऊन गेले होते.

राहुट्यांपाशी तोवर गाव उभा राहिला होता. ढेकर सगळ्यांनी ऐकले होते. गावातच राहणारा आणि कणकवलीच्या एका साप्ताहिकाला बातम्या पुरवणारा जितेंद्र फोन कानाला लावून संपादकाला सांगत होता, "नाय, आचऱ्यात नाय. आमच्याकडे. होय, ढेकर. आचऱ्यात असला काय कधी झाला नाय."

परशुरामाचा चेहरा उतरला होता. असे काही घडले की देवाला कौल लावायचा. पण देव वेशीच्या आत होता आणि विचारणारे बाहेर. ज्याला सगळे ठाऊक होते त्यालाच विचारता येत नव्हते. तेव्हा निवाडा परशुरामालाच करायचा होता. त्याने राहुट्या-राहुट्यांतून जनावरे मोजायला लावली. सावित्रीकाकीच्या टोपल्यांपाशी मोजणारे थांबले.

"तुझी ती तांबडी कोंबी खंय आसा गो?"

सावित्रीकाकीने पदर तोंडाला लावला. "घरात. चुलीकडे, टोपल्याखाली. पिल्लां भायर पडाक इली होती. माका उठवूक जीव झालो नाय."

कोणी तरी म्हणाले, "पण कोंबी ढेकर देणा नाय."

"कोंबी देणा नाय," परशुराम सावकाश म्हणाला. "कोंबी खाल्लेलो देता."

सरांना मान्य करावे लागले की गृहीतके दिली असता अनुमान निर्दोष होते. गावात ठेवलेला जीव, तो खाणारा देवचार, आणि जेवणानंतरचा ढेकर. पदवीच्या परीक्षेत इतके सुसंगत उत्तर त्यांना क्वचित मिळाले होते.

"गावपळण मोडली," परशुराम म्हणाला. "परत पहिल्यापासून तीन दिवस. आणि ह्या सावित्रीमुळे."

तळेकोंडात गावपळणींना सनावरून ओळखत नाहीत. रेड्याची गावपळण म्हणजे ज्या वर्षी रेडा निघायला तयार नव्हता. पावसाची म्हणजे ज्या वर्षी राहुट्या वाहून गेल्या. सावित्रीची गावपळण हे नाव आता पडणार होते आणि काकी मेल्यावरही राहणार होते. ती खाली बसली होती आणि तिच्या बाजूला जागा मोकळी होत चालली होती. मघापर्यंत तिच्याबरोबर भाकऱ्या थापणाऱ्या बायका एकेक पाऊल मागे सरत होत्या.

सर गप्प होते. आपण ढेकर दिलेला नाही, हे त्यांचे पहिले समर्थन. आपल्या आत जाण्याचा आणि ढेकराचा कार्यकारणसंबंध सिद्ध नाही, हे दुसरे. दोन्ही बिनचूक होती. किशोरीने त्यांच्याकडे पाहिले.

"तांब्यो खंय?" तिने हळू विचारले.

सरांनी हातांकडे पाहिले.

"तळीर गेललात," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. "बेडकाक घालूक." मग सावित्रीकाकीकडे बघून म्हणाली, "ता बायलमाणूस रडता थय, आणि तुमी हय उभे."

सर पुढे गेले. "परशुराम, सावित्रीकाकींचा दोष नाही," ते प्रमाण मराठीत म्हणाले. "ढेकर झाला तेव्हा मी आत होतो. वेस मी ओलांडली."

सावित्रीकाकीच रडत म्हणाली, "सर, माझ्यासाठी खोटा बोलू नकात."

परशुरामाने डोळे पुसले. "मन मोठा तुमचा, सर. पण देवाच्या कामात खोटा नको."

निवृत्तीनंतर सरांनी या गावाला नाना गोष्टी सप्रमाण पटवून दिल्या होत्या आणि गावाने एकही मानली नव्हती. पण आज ते स्वतःविरुद्ध साक्ष देत होते, तेव्हा गाव त्यांना दयाळू ठरवून मोकळा झाला होता. एका बाईने त्यांना पाणी आणून दिले.

"दाखवा तेंका," किशोरी म्हणाली. "बेडूक दाखवा."

सरांनी फोन उघडला आणि पुढे धरला. नमुना चार पायांवर उभा राहून गावाकडे बघत होता. त्याने पापण्या मिटल्या आणि उघडल्या. गाव जवळ सरकला. हा काय आहे, तो कुठे राहतो, त्याला काय घालतात, हे सारे सरांना स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले. संध्याकाळी हात जोडून उभे राहण्याचा खुलासाही त्यातच आला. परशुरामाने तो ऐकला, सरांच्या खांद्याकडे पाहिले, जिथे त्याने एकदा हात ठेवला होता, आणि दुसरीकडे पाहू लागला. त्या क्षणी त्याने शिवी दिली असती तर सरांना सोपे गेले असते.

जितेंद्रने फोन हातात घेतला. खेळाच्या नकाशावर चाललेल्या वाटेची ठिपक्यांची रेघ उमटते. राहुटीपासून झाडीतून, वेशीच्या आत, तळीपर्यंत, आणि परत.

"गेलेले खरे," तो म्हणाला. मग नीट वाचू लागला. "सर, हय इंग्रजीत काय तरी लिवलला आसा. तुमचो वेग लय आसा, तुमी गाडयेत आसात काय, म्हणान इचारता."

"कधी?"

"परत येताना."

सगळ्यांनी सरांकडे पाहिले.

"धावलात?" परशुरामाने विचारले.

"हो."

"कित्याक?"

सरांपाशी काही उत्तरे होती. ऊन होते, वेळ होत होता, किशोरी वाट पाहत असेल. पण बोलले ते वेगळेच, आणि प्राध्यापक झाल्यापासून घराबाहेर न वापरलेल्या भाषेत. "भियालंय," ते म्हणाले. "ढेकर आयकलंय, आणि भियालंय."

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे, असे त्यांना वाटले. परशुरामाने निवाडा दिला. "माणूस आत गेलो, ह्यां खरा. पण देवचारान त्येका ढेकर देवन भायर काढलो. राखण करणाऱ्यान राखण केली. गावपळण मोडली नाय. उद्याचो दिवस रवाया, परवा घराक जावया." मग सावित्रीकाकीकडे वळून, "तुझ्या कोंबयेचा घरी गेल्यार बघूया. ऊठ गो, चाय ठेव."

बायका पुन्हा काकीच्या शेजारी बसल्या. जितेंद्रने संपादकाला नवी ओळ कळवली: 'प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला देवचाराने वेशीबाहेर पिटाळले'. सरांना हरकत घ्यायची होती. पण हरकत घ्यायला पर्यायी कारण लागते, आणि ते त्यांच्यापाशी नव्हते. कारण हाताशी नसताना नुसते 'असे नसते' म्हणणाऱ्याला ते वर्गात अडाणी म्हणत.

तिसऱ्या दिवशी फोन किशोरीच्या पिशवीत होता आणि सर कोणाच्या ना कोणाच्या नजरेत. दुपारी नमुना करडा पडला. संध्याकाळी फोनवर निरोप आला की तो आपल्या वाटेने निघून गेला आहे. किशोरीने तो निरोप वाचला, फोन सरांच्या हातात दिला आणि त्यांच्यापाशी बसून राहिली.

चौथ्या दिवशी मानकरी आधी आत गेले, कौल झाला आणि गाव घरी परतला. सावित्रीकाकीच्या चुलीपाशी टोपल्याखाली तांबडी कोंबडी होती, तिच्या पंखांखालून पिल्लांच्या चोची दिसत होत्या, आणि कोणी कोणाला खाल्लेले नव्हते. गावाने यावर चर्चा केली नाही. सर तांब्या आणायला देवळात गेले. तो सभामंडपाच्या पायरीवर आडवा पडला होता. उचलायला वाकले तेव्हा त्यांना आतून बारीक घुरघुर ऐकू आली. ते आत गेले आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी परशुरामाला आणि जितेंद्रला बोलावून घेतले.

सभामंडपात लाउडस्पीकरचे ऍम्प्लिफायर चालू होते. हात लावला तर गरम होते. गाऱ्हाणे संपल्यावर मागे वळायचे नाही या रिवाजामुळे ते कोणी बंद केले नव्हते, आणि तीन दिवस ते तसेच राहिले. त्याच्या छोट्या पडद्यावर, सर जवळ जाताच, सरांच्या फोनचे नाव उमटले. गेल्या महिन्यात या लाउडस्पीकरचे उद्घाटन सरांच्याच व्याख्यानाने झाले होते. विषय होता 'भुताटकीचे आवाज आणि त्यांमागील विज्ञान', आणि आवाजांचे मासले ऐकवण्यासाठी सरांनी स्वतः आपला फोन बिनतारी पद्धतीने त्याला जोडला होता. एकदा जोडलेला फोन जवळ आला की आपोआप पुन्हा जोडला जातो. फोनचा स्वतःचा आवाज शून्य असला तरी जोडलेल्या यंत्रासाठीचा आवाज वेगळा राहतो, आणि तो व्याख्यानाच्या दिवशी सरांनी पूर्ण वर नेऊन ठेवला होता. पायरीवरून खेळातला प्रत्येक ध्वनी माडावरच्या कर्ण्यातून बाहेर पडला. बुलुपी खाल्ल्यावर तोंड वासून बुडबुडा सोडतो, ते श्वसन नव्हे. तो ढेकर देतो.